नकाराचे कारण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघू लागले, की अडत दुकानांपुढे पोत्यांच्या थप्प्या लागतात. शेतकऱ्याचा माल अडत्याच्या दारात उतरतो, खरेदीदार मूठभर कांड्या हातात घेऊन मोडून पाहतात, बोली होते आणि भाव ठरतो. शेतकऱ्याची पट्टी अडत्याने चुकती करायची असते. खरेदीदाराचे पैसे मात्र ठरल्या मुदतीने येतात. मधले दिवस ज्या बळावर निभावून न्यायचे, त्याला बाजार पत म्हणतो. ती तिजोरीत ठेवता येत नाही. पण तिच्यावाचून यार्डातले एकही दुकान महिनाभर उघडे राहणार नाही.

अण्णांचे दुकान या यार्डातल्या जुन्या दुकानांपैकी एक. वडिलांच्या मागे ते गादीवर बसले तेव्हा बावीस वर्षांचे होते. आता त्रेसष्ट पूर्ण झाली होती. दुकानावर कर्ज नव्हते, घरावर बोजा नव्हता. आयुष्यभर त्यांनी उधारी दिली ती माणूस पाहून, आणि स्वतःसाठी कोणाकडे हात पसरला नाही. असा माणूस या वयात क्रेडिट कार्डाचा अर्ज का करतो, असे घरातल्यांनाही वाटले. त्याचे कारण पुण्यात घडले होते.

डिसेंबरात अण्णा आणि अक्का लेकीकडे पुण्याला गेले होते. एका रात्री अक्का न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयाने दाखल करून घेण्यापूर्वी दीड लाख रुपये अनामत मागितली. अण्णांच्या खात्यात त्याच्या कितीतरी पट रक्कम होती. परंतु डेबिट कार्डाची दिवसाची मर्यादा आड आली, आणि रात्री अकरा वाजता धनादेश घ्यायला कोणी तयार होईना. मिरजेत असते तर डॉक्टरांनी ‘अण्णा, उद्या बघू’ म्हणून अक्कांना आत घेतले असते. पुण्यात त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. शेवटी जावयाने खिशातून आपले क्रेडिट कार्ड काढले आणि एका क्षणात काम झाले. अण्णांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सारी रक्कम जावयाच्या खात्यावर भरली. अक्का बऱ्या झाल्या, हातात काठी घेऊन घरी आल्या. पण अडीअडचणीला लेकीच्या घराकडे पाहावे लागले, ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही.

सांगलीला परतल्यावर त्यांनी अर्ज केला. ज्या बँकेत दुकानाचे चालू खाते तीस वर्षे होते, तिथेच केला. शाखेतल्या तरुण अधिकाऱ्याने चहा मागवला आणि म्हटले, “अण्णा, तुम्हाला कोण नाही म्हणणार?” बाराव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला. बँकेच्या अंतर्गत निकषांनुसार अर्ज मंजूर करता येत नाही, एवढेच एक वाक्य.

दोन दिवस अण्णांनी हे कोणाला सांगितले नाही. बाजारात कोणाचा धनादेश परत आला, तर दुपारपर्यंत ती बातमी साऱ्या गाळ्यांवरून फिरून येते. तसे आपले काही तरी झाले आहे, फक्त अजून कोणाला कळलेले नाही, असे त्यांना वाटत राहिले. तिसऱ्या दिवशी सुनेच्या लक्षात आले. ती वाणिज्य शाखेची पदवीधर. दुकानाची जीएसटीची विवरणपत्रे तीच भरत असे. तिने संदेश वाचला आणि फोन खाली ठेवला.

मुलगा म्हणाला, “जाऊ द्या अण्णा. बँका काय कमी आहेत? दुसरीकडे अर्ज करू.”

“तसं करू नये,” सून म्हणाली. “प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते. एकाच दिवशी चार दुकानांत उधार मागणाऱ्याकडे बाजार कसा बघतो? बँकाही तसंच बघतात. आधी हा नकार कशामुळे आला ते विचारू.”

“विचारायचं कसलं? नाही म्हणाले ते,” अण्णा म्हणाले.

मग तिने त्यांना सांगितले ते त्यांनी पूर्वी कधी ऐकले नव्हते. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयी निर्देश काढले. कार्डाचा अर्ज नाकारला तर त्यामागचे नेमके कारण अर्जदाराला लेखी कळवावे, असे त्यांत बँकांना सांगितले आहे. ‘अंतर्गत निकष’ हे काही नेमके कारण होत नाही. कार्ड द्यावे की न द्यावे, हा बँकेचा व्यापारी निर्णय असतो आणि तो फिरवण्याची सक्ती बँकेवर करता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेतही असे व्यापारी निर्णय तक्रारीच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. परंतु कारण मागण्याचा हक्क अर्जदाराचा आहे. आणि तक्रारीला ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

पत्राचा पहिला मसुदा अण्णांनी स्वतः लिहिला. तो दोन पाने झाला. त्यात दुकानाचा इतिहास होता, आजोबांचे नाव होते, तीस वर्षांत खात्यावरचा एकही धनादेश परत गेला नाही हे होते, विद्यार्थी वसतिगृहाला दिलेली देणगीही होती. सुनेने तो वाचला आणि हळूच म्हणाली, “अण्णा, यातलं सगळं खरं आहे, पण यात आपण काहीच विचारलेलं नाही.” तिने उरवल्या त्या पाच ओळी. अर्जाचा क्रमांक आणि दिनांक, नकाराचा दिनांक, निर्देशांनुसार नेमके कारण लेखी कळवण्याची विनंती, आणि पतमाहिती अहवाल पाहिला असल्यास तो कोणत्या कंपनीचा, एवढा प्रश्न. पत्र बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने गेले. एक प्रत शाखेत देऊन तिच्यावर पोच घेतली.

नऊ दिवसांनी उत्तर आले. अर्जदाराच्या पतमाहिती अहवालात दोन प्रतिकूल नोंदी आहेत. एक थकीत कर्जाची, दुसरी तडजोडीने मिटवलेल्या कर्जाची.

“माझं कर्ज?” अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि भीती अधिक होती.

आपल्या देशात पतमाहिती कंपन्यांसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पिरिअन आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्या बँका आणि वित्तसंस्थांकडून कर्जाची माहिती गोळा करतात आणि त्यावरून माणसाचा अहवाल तयार होतो. त्यावर ३०० ते ९०० यांमधला गुणांक असतो. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, हाही नियम आहे. बँकेने ज्या कंपनीचा अहवाल पाहिला होता, त्याच कंपनीकडून सुनेने तो त्याच रात्री मागवला. अण्णांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. चाळीस वर्षांच्या व्यवहाराचा त्यात उल्लेख नव्हता. वेळेवर दिलेल्या पट्ट्या, बिनकागदाची उधारी, दुष्काळाच्या सालात शेतकऱ्यांना सोडलेले व्याज, यांतले काहीच त्या वहीत चढलेले नव्हते. दोनच नोंदी होत्या आणि दोन्ही दुसऱ्यांच्या कर्जांच्या.

पहिली नोंद एका मोटारसायकलीच्या कर्जाची होती. हप्ते थकलेले होते. पत्ता शेजारच्या तालुक्यातल्या एका गावाचा, मोबाइल क्रमांक अनोळखी, पॅन वेगळा. नाव मात्र तेच, वडिलांचे नाव तेच, आडनाव तेच आणि जन्मतारीखही तीच, १ जून. ती तारीख पाहून अण्णांना सारे उमगले. अण्णांच्या आईला त्यांच्या जन्माची तिथी ठाऊक होती, तारीख नव्हती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिली. त्या पिढीतल्या कितीतरी मुलांचा वाढदिवस असा मास्तरांच्या लेखणीतून झाला. गावच्या पाटीलकीवरून पडलेले आडनाव, दहा घरांआड सापडणारे नाव, आणि मास्तरांनी दिलेला जन्मदिवस. एवढ्यावर यंत्राने दोन माणसांचे एक खाते केले होते.

दुसरी नोंद वाचताना मात्र अण्णांचे बोट थांबले. ते कर्ज एका टेम्पोचे होते आणि त्यात अण्णा जामीन होते. दिवाणजींच्या मुलाने २०१८ मध्ये यार्डातल्या भाड्यांसाठी टेम्पो घेतला, तेव्हा अण्णांनी दुकानातच बसून कागदांवर सह्या केल्या होत्या. त्यानंतर त्या कर्जाचे काय झाले हे त्यांनी कधी विचारले नव्हते. अहवालात लिहिले होते की २०२१ मध्ये वित्तकंपनीने तडजोड केली; ९२,००० रुपये घेतले आणि ४६,००० सोडून दिले. नोंदीपुढे शब्द होता ‘सेटल्ड’.

मुलाने यार्डातल्या एका ओळखीच्या माणसाला विचारले. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ दुकानात आले. पंधरा हजारांत दोन्ही नोंदी पुसून देतो, आपली आत ओळख आहे, असे म्हणाले. अण्णांनी त्यांना पाणी दिले आणि जायला सांगितले. नोंद बदलण्याचा अधिकार फक्त माहिती देणाऱ्या संस्थेला असतो, पतमाहिती कंपनीसुद्धा ती आपल्या मनाने बदलू शकत नाही, हे सुनेने आधीच सांगून ठेवले होते. जो पुसून देतो म्हणतो, तो एक तर खोटे बोलतो किंवा खोटे काम करतो.

“मग दोन्हींवर हरकत घेऊ,” मुलगा म्हणाला. “दोन्ही कर्जं आपली नाहीत. आणि दुसऱ्यात तर कंपनीनंच लिहून दिलंय की आता काही येणं नाही.”

“पहिलं आपलं नाही,” अण्णा म्हणाले. “दुसऱ्यावर माझी सही आहे.”

त्या संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर त्यांनी दिवाणजींना थांबवून घेतले. दिवाणजी पस्तीस वर्षे या दुकानाची कीर्द आणि खतावणी लिहीत आलेले. अण्णांनी अहवालाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात टेम्पो पाण्याखाली गेला होता. विम्याचे थोडे पैसे आले, इंजिनाचे काम अर्धे झाले, आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदीत भाडी बंद पडली. हप्ते राहिले. शेवटी टेम्पो विकून जे आले ते कंपनीला दिले.

“अण्णा, कंपनीनं कागद दिला होता, खातं बंद म्हणून. मला वाटलं, मिटलं,” दिवाणजी म्हणाले. “तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं माझं.”

“मीही विचारलं नाही, दिवाणजी. सही केली आणि विसरलो. जामीन राहिलेल्या माणसानं वर्षातून एकदा तरी विचारायला हवं होतं.”

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णांनी विचारले, “आपल्या खतावणीत एखादं खातं मिटलं असं तुम्ही कधी लिहिता?”

“बाकी शून्य झाली की,” दिवाणजी म्हणाले; आणि आपणच काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आले.

कायद्याने अण्णांकडे कोणी एक रुपया मागू शकत नव्हते. कंपनीने तडजोड लिहून दिली होती. नोंद काही वर्षे अहवालात राहिली असती, तिचा परिणाम हळूहळू उतरला असता, आणि अण्णांना कार्डावाचून काही अडतही नव्हते. पण जुन्या बाजाराची रीत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होती. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षे. तिच्यानंतर वसुलीचा मार्ग बंद होतो, देणे संपत नाही. वडिलांच्या वह्यांत बुडीत म्हणून सोडलेल्या रकमा होत्या, आणि त्यांतल्या काहींपुढे पंधरा-पंधरा वर्षांनी दुसऱ्या शाईत ‘जमा’ लिहिलेले होते. कोणी मागितले नसताना कोणाचा तरी मुलगा येऊन वडिलांचे देणे देऊन गेला होता. त्या ओळी वडील लहानपणी अण्णांना मुद्दाम दाखवीत.

“अण्णा, नाहक शेहेचाळीस हजार,” मुलगा म्हणाला.

“पहिली नोंद खोटी आहे म्हणून मी दाद मागणार. त्याच अर्जात खऱ्या नोंदीलाही खोटं म्हटलं, तर माझ्या दादीला काय किंमत राहिली?”

कंपनीच्या कार्यालयात तीन खेपा झाल्या. बंद झालेल्या खात्यावर पैसे भरायला आलेला माणूस पाहून तिथल्या कारकुनाला प्रथम काही तरी काळेबेरे असल्याचा संशय आला. अखेर वरिष्ठांची परवानगी आली, ४६,००० रुपये भरले गेले, आणि बेबाकीचा दाखला मिळाला. आता या खात्यापुढे ‘सेटल्ड’ऐवजी ‘बंद’ अशी माहिती कळवू, असे कंपनीने लिहून दिले. मागचे थकलेले हप्ते नोंदीत दिसतच राहणार होते. ते खरे होते आणि अण्णांचे त्यावर काही म्हणणे नव्हते. दिवाणजींनी मात्र एक हट्ट धरला. ही रक्कम आपल्या नावावर उचल म्हणून लिहावी आणि दरमहा २,००० पगारातून वळते करावे. अण्णा नको म्हणणार होते. पण पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या बाक्या लिहिणाऱ्या माणसाला स्वतःची बाकी लिहू न देणे हा त्याचा अपमान होईल, हे त्यांना कळले. नोंद दिवाणजींनी स्वतःच्या हाताने घातली.

मोटारसायकलीच्या नोंदीसाठी सुनेने पतमाहिती कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे एकाच दिवशी हरकत नोंदवली. या पत्रात तिने कर्ज खोटे आहे असे लिहिले नाही. कर्ज खरे असेल, परंतु कर्जदार दुसरा आहे, असे लिहिले. पॅन, आधार, मोबाइल क्रमांक आणि पत्ता यांत कुठे कुठे फरक आहे, ते एका तक्त्यात समोरासमोर मांडले. अशा हरकतीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे, आणि त्यापुढे लागणाऱ्या प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला १०० रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवून दिले आहे. या ३० दिवसांतले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे असतात. निकाल ३४ व्या दिवशी लागला, नोंद निघाली. पुढच्या आठवड्यात खात्यावर ४०० रुपये जमा झाले.

अण्णांना त्या चारशे रुपयांचे नवल वाटले. एवढ्या मोठ्या कंपनीने चार दिवसांच्या उशिरासाठी दंड भरला, हे त्यांना आपल्या बाजाराच्या भाषेतले वाटले. मुदत चुकली की व्याज. ते पैसे त्यांनी पांजरपोळाच्या पेटीत टाकले.

मग बँकेकडे फेरविचाराचा अर्ज गेला. एक पानाचे पत्र, दुरुस्त झालेला अहवाल, बेबाकीचा दाखला, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे. शाखेतल्या त्याच तरुण अधिकाऱ्याने यावेळी बेताने बोलायचे ठरवले असावे. तो म्हणाला की अण्णांच्या नावावर स्वतःचे असे कर्ज कधीच नसल्याने गुणांकाला धरायला फारसा आधार नाही. एक लाखाची मुदत ठेव ठेवली तर तिच्या तारणावर कार्ड लगेच मिळेल, सहा महिने त्यावर नियमित व्यवहार दिसले की साध्या कार्डाच्या अर्जाचा पुन्हा विचार करता येईल.

“म्हणजे माझ्याच पैशावर मला उधार,” अण्णा घरी येऊन म्हणाले.

“नव्या गिऱ्हाइकाला आपण पहिल्या दिवशी उधार देतो का, अण्णा?” सून म्हणाली. “रोखीनंच देतो. दोन-चार वेळा देवघेव झाली की मग शब्दावर. त्यांच्या वहीत तुम्ही नवे आहात.”

अण्णांनी ठेव ठेवली.

अक्षय्य तृतीया जवळ आली होती. हळदीच्या लागवडीचे दिवस सुरू झाले की शेतकरी बेण्यासाठी आणि मजुरीसाठी अडत्याकडे उचल मागायला येतात. पुढल्या हंगामात माल आला की ती पट्टीतून वळती होते. अण्णा गादीवर बसले असता एक तरुण शेतकरी दुकानासमोरून मान खाली घालून पलीकडच्या दुकानात गेला. अण्णांनी त्याला ओळखले. गेल्या वर्षी याच दिवसांत तो ५०,००० रुपये उचल मागायला आला होता आणि अण्णांनी ‘यंदा जमणार नाही’ म्हणून त्याला परत पाठवले होते. त्याच्या वडिलांच्या नावावर जुनी बाकी होती. ती त्यांनी त्याला सांगितली नव्हती. मेलेल्या बापाचे देणे पोराला बोलून दाखवू नये, असे वाटले होते. आपला नकार सौम्य होता अशी त्यांची समजूत होती.

आता ‘यंदा जमणार नाही’ हे शब्द त्यांना ओळखीचे वाटले. मोबाइलवर आलेले ते एक वाक्य याहून निराळे नव्हते.

त्यांनी पोऱ्याला पाठवून त्या तरुणाला बोलावून घेतले. “गेल्या साली तुला नाही म्हटलं, ते तुझ्याकडे बघून नाही. तुझ्या वडिलांच्या खात्यावर २०१९ सालची अठरा हजारांची बाकी आहे.”

तरुण गोंधळला. “अण्णा, ती तर त्याच वर्षी पट्टीतून वळती झाली. बाबा म्हणायचे, पुराच्या वर्षी का असेना, अडत्याचं फिटलं.”

“कागद आहे?”

“घरी असेल. बाबा पट्ट्या टाकत नसत.”

दुसऱ्या दिवशी तो पट्टी घेऊन आला. कागद पिवळा पडलेला होता, पण अक्षर स्पष्ट होते. विक्रीची रक्कम, हमाली, तोलाई, अडत, आणि शेवटी ‘उचल वळती १८,०००’. खाली अण्णांची सही होती. दिवाणजींनी त्या सालची वही काढली. महापुरात गाळ्यात पाणी शिरले होते, वह्या उन्हात वाळवल्या होत्या, आणि त्या गडबडीत पुढची खाती अण्णांनी स्वतःच्या हाताने नव्या वहीत उतरवली होती. उचल उतरली होती; वळती झालेली नोंद उतरायची राहिली होती.

एक खोटी बाकी पाच वर्षे या दुकानाच्या वहीत एका मेलेल्या माणसाच्या नावावर पडून होती, आणि तिच्या आधारावर त्याच्या मुलाला दारातून परत पाठवले गेले होते. त्याला ना अहवाल मागवता आला असता, ना हरकत नोंदवता आली असती. त्याच्यासाठी कोणताही लोकपाल नव्हता. त्याला कारण कळले असते, तर एका दिवसात पट्टी दाखवून त्याने ते खोडून काढले असते.

अण्णांनी त्याच्यासमोर वहीत ‘जमा’ लिहिले, सही केली, आणि तरुणाचे दोन्ही हात हातात घेतले. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “तुझ्या वडिलांचीही मी माफी मागायला हवी होती, ते राहिलं.” तरुणाने मान हलवली. तोवर त्याने पलीकडच्या दुकानात उचल घेऊन ठेवली होती. माल तिकडेच जाणार होता. अण्णांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

नोव्हेंबरात साधे कार्ड मंजूर झाल्याचे पत्र आले. मर्यादा ७५,००० रुपये. पुण्यात त्या रात्री लागलेल्या रकमेच्या नेमकी अर्धी. मुलगा हसला. अण्णा म्हणाले, “सुरुवात आहे.” सुनेने त्यांना कार्डाचे दोन नियम सांगितले. बिलावर लिहिलेल्या किमान रकमेच्या नादाला न लागता मुदतीपूर्वी सारी रक्कम भरायची. नाहीतर या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज चढते, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे. आणि वर्षातून एकदा चारही कंपन्यांचे अहवाल मागवून वाचायचे. पहिला नियम अण्णांना ठाऊकच होता. दुसऱ्यासाठी त्यांनी तारीख ठरवली, १ जून.

त्या दिवाळीत वहीपूजनाला नव्या वह्या आल्या, तेव्हा उचलीच्या वहीत दिवाणजींनी अण्णांच्या सांगण्यावरून एक जास्तीचा रकाना आखला. उचल मागायला आलेल्याचे नाव, गाव, मागितलेली रक्कम, दिलेली रक्कम हे रकाने पूर्वीपासून होते. दिली नाही, तर काही लिहिण्याची रीत नव्हती. नव्या रकान्याच्या माथ्यावर दिवाणजींनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले, ‘नकाराचे कारण’. आणि त्याखाली, थोड्या बारीक अक्षरात, ‘समक्ष सांगितले’.